येऊन राह्यली

बोंडअळीच्या साली दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्याच आल्या नाहीत. रिकाम्या आवारात गावातल्या मुलींच्या क्लबाने चुन्याने फुटबॉलचे मैदान आखले.

इफेओमासाठी दहा नंबरचे बूट यवतमाळात मिळाले, ते पुरुषांचे.

खोली दाखवताना घरमालकीण विमलताईंनी तिला एकच विचारले, "तिखट चालते ना तुले?"

शनिवार. शून्य–एक.

शनिवारचा तो गोल इफेओमाच्या डोक्यातून जात नव्हता. नायजेरियाची ही बचावपटू चार देशांत खेळून दिग्रसच्या क्लबात आली होती. समोरची फॉरवर्ड एकटी सुटली, मागून गोलकीपर दीपमाला ओरडली आणि इफेओमा जागची हललीच नाही.

"उद्याची मॅच पाहतो," क्लबचे किसनसिंग सर म्हणाले होते. "नाही जमलं तर परतीचं तिकीट काढतो."

एकतिसाव्या वर्षी परत गेलेल्या बचावपटूला पुन्हा कोणी बोलावत नाही.

रविवारी सकाळी तिने दीपमालाला मैदानावर गाठले. "तू बोली, राह्य. मैं रह गई."

दीपमालाने कपाळावर हात मारला. "अवो इफाताई, 'येऊन राह्यली' म्हनलं मी. म्हंजे ती पोरगी येऊन राह्यली, तुमच्या अंगावर."

"आ रही है, तो राह्य कायले?"

"आमच्याकडं असंच म्हंतेत. मानूस जाऊन राह्यला म्हंजे तो राह्यत नाही, जाते."

"पागल लोग."

"मंग मी नुस्तं 'जाय' म्हनू का?"

"नको. तू तेच बोल. मी शिकतो."

दीपमाला ओरडायची, इफेओमा पुढे झेपावायची. चाळिसाव्या खेपेला दीपमालाचा घसा बसला. "दुपारी आवाजच नाही निंगला तं?"

"निंगते," इफेओमा म्हणाली. "पुन्हा."

दुपारी, एक–एक अशी बरोबरी असताना, शेवटच्या मिनिटांत पुसदची फॉरवर्ड सुटली. मागून फाटका आवाज आला, "येऊन..." तेवढ्यावरच इफेओमा निघाली. लांब घसरत जाऊन तिने चेंडू रेषेबाहेर काढला. फॉरवर्ड तिच्यावरून पलीकडे पडली. इफेओमाने आधी तिला उठवले, मग स्वतः उठली.

शिट्टी झाल्यावर किसनसिंग सर जवळ आले. "तिकीट नाही काढत मी."

"बरं," ती म्हणाली, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागली.

एकोणिसाव्या वर्षी पहिल्या परदेशी क्लबाने तिला अकरा दिवसांत परत पाठवले होते. गावी कळू नये म्हणून तिने पुढचे तीन महिने लागोसमध्ये काढले होते.