खारूचा डावा कान

अठरा वर्षं ती विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना वाट दाखवत होती. कुणी आधी उतरायचं, कुणी घिरट्या घालत थांबायचं, हे मोजक्या शब्दांत सांगायचं आणि पलीकडून आलेलं अक्षर न् अक्षर टिपायचं. तिच्या कानांवर सगळ्या खात्याचा भरवसा. इतक्या वर्षांनी नियमाप्रमाणे सहा महिन्यांची दीर्घ रजा तिच्या वाट्याला आली, तेव्हा ती आनंदण्याऐवजी बावरूनच गेली.

पहिल्या आठवड्यात तिनं घरच्यांच्या नाकी नऊ आणले. पावणेपाचला उठून स्वयंपाकघरात उभी. "बूट! डबा! पाण्याची बाटली! सातच मिनिटं राहिलीत!" घरात आधीच आवाजाला तोटा नव्हता. सासऱ्यांचा जन्म छापखान्यात गेलेला. यंत्रांच्या खडखडाटानं त्यांचे कान अधू झाले होते, त्यामुळे त्यांच्याशी सगळे ओरडूनच बोलत आणि पुढे एकमेकांशीही तसंच बोलत.

"अगं, धावपट्टी मोकळी आहे," नवरा एकदा म्हणाला. तो शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा आणि कशालाच घाई नसल्यासारखा चहा प्यायचा. "कधीतरी उतर की खाली."

ती चिडली, मग हसली. दुसऱ्या दिवशी तिनं गजराचं घड्याळ कपाटात कोंबलं.

हळूहळू घराला सैलपणा आला. खारूला, म्हणजे त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीला, गाडीत कोंबून शाळेत सोडण्याऐवजी ती चालत नेऊ लागली. वीस मिनिटांचा रस्ता. वाटेत खारू कुंपणावरच्या गोगलगायी मोजायची आणि ती लेकीकडे बघायची. इतकं निवांत बघायला कधी मिळालंच नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपण लेकीच्या डावीकडून चालायला लागलो की ही पोर गुपचूप मागून वळसा घालते आणि आपल्याला उजवीकडे घेते. रोज. न चुकता.

त्या रविवारी खारू जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. आजोबा झोपले होते, रेडिओ बंद होता. आई तिच्या डावीकडे बसली आणि हळूच म्हणाली, "आईस्क्रीम हवंय?"

पेन्सिल थांबली नाही.

ती उठून उजवीकडे आली. तोच आवाज, तेच शब्द.

"आत्ता? सकाळी सकाळी?" खारूनं टुणकन मान वर केली.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात दोन वर्षं एकच शेरा येत होता: वर्गात लक्ष नसते. त्यावरून दोघांनी पोरीला किती बोल लावले होते! 'या कानानं ऐकते, त्या कानानं सोडून देते,' हे नवऱ्याचं नेहमीचं वाक्य.

"खारू, या कानानं तुला ऐकू येत नाही का गं?"

"थोडं येतं. पाण्याखाली असल्यासारखं." तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "एक कान ऐकायचा असतो आणि एक उशीवर ठेवायचा, असं मला वाटलं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"घरी तर सगळे ओरडतातच. शाळेत बाई हळू बोलतात, तिथंच पंचाईत होते."

नवऱ्याला सांगितल्यावर त्यानं हातातला कप खाली ठेवला. "आणि मी तिला बेपर्वा म्हणत होतो," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेला दांडी मारली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी खारूला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी बोट टकाटक चाललं. डाव्याच्या वेळी ते बटणावर नुसतंच टेकून राहिलं. काचेबाहेर दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले होते. मी अख्खं आकाश ऐकत बसले आणि घरातलं एवढं ऐकू आलं नाही, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

"पडद्यामागे पाणी साचलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नस शाबूत आहे. बारीकशी नळी बसवली की निचरा होईल. ऐकू येईल पहिल्यासारखं. असंच आणखी राहिलं असतं तर पडदा खराब व्हायची भीती होती. कुणाच्या लक्षात आलं?"

"हिच्या," नवरा म्हणाला. "ही रजेवर आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच खुर्चीवर बसून रडली आणि रडता रडता तिला हसूही आलं.

पंधरा दिवसांनी नळी बसली. गुंगी उतरताच खारूचं पहिलं वाक्य आलं: "आई, ओरडतेस काय गं एवढी?" आई खरं तर कुजबुजत होती.

घरी आल्यावर आजोबांना सक्त ताकीद मिळाली. त्यांनी रेडिओ कमी केला आणि तासाभरात, "छे, बातम्या देणाराच पुटपुटतोय," म्हणत स्वतःहून कानाचं यंत्र आणायला तयार झाले. सून-मुलगा सहा वर्षं त्यासाठी हात जोडत होते.

दुपारी खारू स्वयंपाकघरात उभी राहून फ्रिजला कान लावत होती.

"हा रोज असा गुणगुणतो?"

"रोज," आई म्हणाली आणि तीही तिच्याशेजारी कान लावून उभी राहिली. रजेचे अजून साडेचार महिने बाकी होते.