फुगत चाललेला माल

अर्धी वाट बोटीने, अर्धी विमानाने, असा स्वस्तातला बेत होता. बंदरात कंटेनर उघडून फुटबॉलची चारशे खोकी विमानात चढवली. चेंडू कारखान्यातूनच टम्म फुगवून आले होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बोटीवर त्याने काय बिघडणार?

विमान ढगांवर गेलं आणि मागे मालाच्या राखणीला बसलेल्या दाजींना कुरकुर ऐकू आली. वरच्या विरळ हवेत चेंडू आणखी फुगत होते. खोक्यांना पोटं सुटली, पट्टे ताणले आणि शेवटची रांग मागच्या दाराला भिडली. दाजींनी फोनवर विमान चालवणाऱ्या मेहुण्याला गाठलं.

"अरे, जरा खालून ने."

"खाली डोंगर आहेत, दाजी."

"दार जाईल रे."

"मग काढा हवा. लग्नात माझी काढलीत तशी."

खोक्याखोक्यात हवा भरायची सुई होती. दाजी ती एकेका चेंडूत खुपसू लागले. चेंडू फुस्स करी आणि दरवेळी दाजींना वाटे, गेलं दार. असे नऊशे चेंडू झाले, पाठीची कमान झाली, तेव्हा विमान उतरलं.

हमालाने दार उघडलं, तशी कोंडलेली हवा अशी सुटली की त्याची टोपी शेजारच्या विमानावर जाऊन बसली.

"दाजी, पोचलो," मेहुणा म्हणाला. "सोडा ती सुई."

"थांब," दाजी पुढचा चेंडू दाबत म्हणाले, "हा अजून फुगलेला आहे."