ढुंढिराजांचं वर्कशॉप

पंचवटीतल्या पुरोहितांच्या घराण्यात जन्मून ढुंढिराजांनी आयुष्यभर फक्त मशिनी दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत वर्कशॉप बांधायला काढलं, तेही देवाधर्माच्या कटकटीपासून लांब बसता यावं म्हणूनच. बायकोच्या, उत्तराबाईंच्या हट्टापायी पायाभरणीला एका दगडावर हळदकुंकू वाहिलं, एवढंच. तो दगड खड्ड्यात ठेवायचा मात्र राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालेल्या फूलवाल्या नवसाबाईंनी त्यावर झेंडू वाहिला. दगडाभोवती भिंती उठेपर्यंत तिथं नारळ फुटायला लागले. स्लॅबच्या दिवशी आरती झाली आणि पुढं गवंड्यांनी चपला काढून प्लॅस्टर केलं. वैतागून ढुंढिराज दगड उचलायला वाकले, तर लोक कौतुकानं म्हणाले, "मालकसुद्धा पाया पडतात बघा!"

अखेर शटर बसलं. ढुंढिराज ड्रिल घेऊन तणतणत आत शिरले.

"अण्णा, बूट भायेर!" नवसाबाई खेकसल्या.

ढुंढिराज बाहेर आले. दारात चपलांचा एवढा खच पडला होता, की बूट ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळपर्यंत अनवाणी ढुंढिराजांनी वर्कशॉपमधली पहिली वस्तू तयार केली: चपलांचा स्टँड.