एक ते चार शिट्टी बंद

देशाच्या महिला फुटबॉल संघासाठी परदेशी प्रशिक्षक निवडायचा होता आणि ते काम आमच्यावर सोपवलं होतं, यावरूनच महासंघाची अवस्था लक्षात यावी. आम्ही म्हणजे तिघं. अध्यक्ष अनिरुद्धराव साठे: बँकेतून निवृत्त, कोथरूडमधल्या आपल्या सोसायटीचेही अध्यक्ष, आणि माझा अंदाज आहे की घरी जेवायला बसले की पंगतीचेही अध्यक्ष. दुसरा शुभंकर, वय सत्तावीस. मुलगी किती धावली हे तिच्याकडे न बघता लॅपटॉपमध्ये बघून सांगणारा. आणि तिसरी मी, बिलकिस इनामदार. चाळीस वर्षांपूर्वी याच संघाची गोलकीपर आणि नंतर बत्तीस वर्षं कर्वेनगरच्या एका शाळेत पी.टी.ची बाई.

परदेशीच हवा, हे आमच्या आधीच ठरलेलं होतं. जाहिरातीतच तसं छापलं होतं. माझा राग तिथूनच सुरू होतो. कारण गेले आठ महिने संघ सांभाळत होती ती आमची आम्रपाली ओव्हाळ. सहावीत असताना बडबड केली म्हणून वर्गाबाहेर काढलं, ती थेट माझ्या मैदानावर आली, तेव्हापासून मी तिला ओळखते. तिचा हुद्दा 'हंगामी प्रशिक्षक'. सहापैकी चार सामने जिंकले तरी हंगामीच.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या घरी आली. चहा घेतला नाही. पर्समधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, उद्या निवड झाली की हे साठेसरांना द्या."

राजीनामा होता. महासंघाशी पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, पण राग आला की आम्रपाली मराठीतच लिहिते. चार ओळी आणि खाली सही.

"कुणीही आलं तरी?" मी विचारलं.

"कुणीही. आठ महिने मी राबले. आता येणाऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरत बसू?"

मी तिला समजावलं नाही. तिच्या जागी मी असते तर हा कागद मी महिनाभर आधीच दिला असता, आणि तोही तोंडावर. पण ती गेली की काय होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पंचवीस मुली, नऊ राज्यांतल्या, एकीची भाषा दुसरीला येत नाही, आणि त्यांना बांधून ठेवणारी ही एकटी. शिवाय आम्रपाली एकतीस वर्षांची आहे. इथून बाहेर पडली की कुठल्या तरी शाळेत आयुष्यभर पी.टी. घेत बसणार. ते आयुष्य मी जगून आले आहे. वाईट नाही, पण तिच्यासाठी ते पुरेसं नाही.

मी कागद पर्समध्ये ठेवला आणि ठरवून टाकलं: जिच्या किंवा ज्याच्या हाताखाली ही पोरगी टिकेल, असाच माणूस निवडायचा. बाकी डावपेच शुभंकरच्या लॅपटॉपने बघावेत.

मुलाखती अनिरुद्धरावांच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये होत्या. हॉटेल कशाला, आपला हॉल आहे की, असं त्यांचं म्हणणं. सकाळी नऊला तिन्ही उमेदवार एका सोफ्यावर ओळीने बसले आणि समोर कांदेपोह्यांच्या बशा आल्या, वर खोबरं-कोथिंबीर. अगदी मुलगी बघायचा कार्यक्रम. फरक एवढाच की इथे तिन्ही स्थळं एकमेकांकडे चोरून बघत होती.

"अनिरुद्धराव, आम्रपालीचं तुमच्यासाठी एक पत्र आहे," मी हळूच म्हणाले. "निवड झाली की देईन."

"आत्ताच द्या की."

"निवड झाल्यावर म्हणाले ना."

मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला: आम्रपालीचं काय करणार? हॉलंडचे बास उंच आणि हसतमुख. म्हणाले, "काळजी नको, माझे चार सहायक मी बरोबरच आणतो." क्रोएशियाच्या इव्हान यांनी छातीवर हात ठेवला. "ती माझा उजवा हात! बस, हॉटेल, मुलींच्या घरच्या अडचणी, सगळं तीच बघणार." तिसऱ्या डेन्मार्कच्या इंगेबाई, पन्नाशीच्या. त्यांच्या दाताखाली मिरची आली होती. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मी तिला काम करताना पाहिलेलं नाही. आत्ताच कसं सांगू?"

मला त्यांचा राग आला. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही का? मी त्यांना दहापैकी तीन गुण दिले आणि इव्हानना आठ. निदान उजवा हात तरी म्हणाला माणूस.

दुपारी प्रात्यक्षिक होतं. तिघांनी प्रत्येकी चाळीस मिनिटं संघाचा सराव घ्यायचा. संघाच्या शिबिराच्या मैदानावर नेमकं त्याच दिवशी खत टाकलेलं. तर अनिरुद्धराव म्हणाले, "आमच्या सोसायटीचं मैदान आहे की." बास आणि इव्हान यांना साडेचारला विमानतळाकडे निघायचं होतं, म्हणून उलटा हिशोब करून अनिरुद्धरावांनी दोनची वेळ दिली. कार्यक्रमपत्रिका स्वतः टाइप केली आणि तीन वेळा तपासलीसुद्धा.

दोनच्या ठोक्याला बास यांनी पहिली शिट्टी फुंकली. ती संपायच्या आत बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत सुंदराबाई दाते उभ्या राहिल्या. वय सत्त्याऐंशी, आवाज पंचविशीतला.

"अरे अनिरुद्ध, फाटकावरची पाटी वाचता येते ना? का चष्मा बदलायला झालाय?"

आम्ही सगळ्यांनी फाटकाकडे पाहिलं. पाटीवर लिहिलं होतं: 'दुपारी एक ते चार मैदानावर शिट्टी, आरडाओरडा व वाद्ये यांस सक्त मनाई. अपवाद केला जाणार नाही. अध्यक्ष.'

"काकू, देशाचा संघ आहे हो," अनिरुद्धराव म्हणाले.

"मग देशाने चारनंतर खेळावं. आणि खाली सही कुणाची आहे रे?"

अनिरुद्धरावांचा चेहरा पडला. दुसरा कुणी असता तर 'आजच्या दिवस चालवून घ्या' म्हणाला असता. पण या गृहस्थांनी स्वतःच्या नातवाची मुंज याच मैदानावर सनईशिवाय उरकलेली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि तीन परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं की चार वाजेपर्यंत शिट्टी नाही, ओरडणं नाही, नियम म्हणजे नियम. शुभंकरने कपाळावर हात मारला. आवाज न करता.

बास यांना वाटलं गंमत चालली आहे. मग त्यांनी कुजबुजत सूचना द्यायला सुरुवात केली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला त्या पोचणार कशा? अर्ध्या मुली डावीकडे धावल्या, अर्ध्या उजवीकडे, आणि दोघी चक्क पाणी प्यायला गेल्या. वीस मिनिटांनी त्यांनी सभ्यपणे हात जोडले. इव्हान तर ओरडल्याशिवाय श्वासही घेऊ शकत नव्हते. पहिल्या ओरडण्याला सुंदराबाईंनी बोट दाखवलं, दुसऱ्याला काठी. तिसऱ्याला त्यांनी वरून मराठीत सांगितलं, "अहो, घसा बसेल. थोडा गूळ खा." इव्हानना शब्द कळले नाहीत, पण अर्थ पोचला.

तीन वीसला इंगेबाई उठल्या. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि मैदानात न जाता थेट आम्रपालीकडे गेल्या. ती हाताची घडी घालून, कुंपणाला टेकून उभी होती.

"आवाजाशिवाय या मुलींना काय समजतं?" त्यांनी विचारलं.

आम्रपालीने नाइलाजाने हाताची घडी सोडली आणि दोन बोटं कानाला लावली. मैदानावरच्या मुलींनी एका क्षणात जागा बदलल्या. तिने मांडीवर दोनदा थाप मारली, चेंडू मागे फिरला. मूठ वर केली, सगळ्या पुढे सरसावल्या.

मी खुर्चीवरून उठलेच. त्या खुणा माझ्या होत्या. आमच्या शाळेचं मैदान दहावीच्या वर्गाच्या खिडकीखाली होतं आणि मुख्याध्यापिकांनी शिट्टीला बंदी घातली होती. म्हणून वैतागून मी त्या शोधून काढल्या होत्या. मला त्यांची लाजच वाटायची, कुणापुढे कधी बोलले नव्हते. आणि इथे मणिपूरची, ओडिशाची, हरियाणाची पोर माझ्या शाळेच्या खुणांवर धावत होती. आम्रपालीने मला कधी सांगितलंही नाही. शुभंकरला माझे डोळे दिसू नयेत म्हणून मी चष्मा पुसत बसले.

इंगेबाईंनी दहा मिनिटं नुसतं पाहिलं. मग स्वतः खुणा करून बघितल्या, चुकीच्या. बचावफळी गोंधळून कुंपणापर्यंत गेली आणि मुली तोंडावर हात धरून हसल्या. बाईही हसल्या. मग त्यांनी आम्रपालीचे खांदे धरले आणि तिला मैदानाकडे पाठ करून उभं केलं.

"आता अशीच उभी राहा," त्या म्हणाल्या. "खुणा उत्तम आहेत. पण सगळ्या मुली चेंडूपेक्षा तुझ्याकडे जास्त बघतात. खुणा त्यांनी एकमेकींना करायच्या."

पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. मग गोलकीपरने कानाला बोटं लावली. मधल्या मुलीने ती खूण पुढे दिली, तिने आणखी पुढे. चेंडू या पायातून त्या पायात असा फिरायला लागला की गॅलरीतून सुंदराबाई वाकून बघायला लागल्या. आम्रपाली पाठमोरी उभी होती. तिला फक्त बुटांचा आवाज ऐकू येत होता, आणि तेवढ्यावरून तिला सगळं कळत होतं. तिच्या चेहऱ्यावर मी ते वाचलं. आठ महिने तिच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या तर बत्तीस वर्षांत नाही.

"अजून काय काय राहून गेलंय माझं?" तिने न वळताच विचारलं.

"बरंच," इंगेबाई म्हणाल्या. "आणि माझंही. मला या सगळ्या खुणा लिहून दे."

चारला पाच मिनिटं कमी होती. कागद कुणाकडेच नव्हता. शुभंकर लॅपटॉप पुढे करायला लागला, त्याला मी डोळ्यांनीच बसवलं. पर्स उघडली. आत दोन कागद होते, एक दाताच्या डॉक्टरांनी दिलेला आणि दुसरा आम्रपालीचा. मी दुसरा काढला आणि कोरी बाजू वर करून तिच्या हातात दिला.

तिने तो ओळखला. माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, हा तर..."

"पाठ कोरी आहे ना? मग काढ."

ती मांडी घालून गवतावर बसली आणि काड्यांची माणसं काढत गेली. अकरा खुणा, प्रत्येकीखाली इंग्रजीत अर्थ. शेवटचं चित्र छातीवर तळवा ठेवलेल्या माणसाचं. ही खूण गोलकीपरची, माझी सगळ्यात जुनी. तिचा अर्थ, 'तू पुढे जा, मागे मी आहे.'

इंगेबाईंनी कागद उलटून पाहिला. "आणि इकडे काय लिहिलंय?"

"कालचं आहे," आम्रपाली म्हणाली. "आता लागणार नाही."

बाईंनी घडी घातली आणि कागद शिट्टीच्या खिशात ठेवला. वरून सुंदराबाईंनी घोषणा केली, "वाजले चार! आता काय ओरडायचं ते ओरडा!" आणि पंचवीस मुली इतक्या जोरात ओरडल्या की सी विंगमधली कुत्रीसुद्धा भुंकायला लागली.

क्लबहाउसमध्ये परत गेल्यावर मी माझ्या गुणपत्रिकेतला तीनचा आकडा खोडला आणि तिथे दहा लिहिले. अनिरुद्धरावांनी बेरीज केली आणि इंगेबाईंचं नाव जाहीर केलं. मग त्यांना एकदम आठवलं.

"बिलकिसताई, आम्रपालीचं ते पत्र राहिलं की."

"दिलं मी," मी म्हणाले. "नव्या प्रशिक्षकांना."

"अहो, पण पत्र माझ्यासाठी होतं ना? आणि बाईंना मराठी कुठे येतं?"

खिडकीतून मैदान दिसत होतं. इंगेबाई आणि आम्रपाली त्या कागदावर वाकून कशावरून तरी भांडत होत्या.

"शिकवेल ती," मी म्हणाले. "आता वेळ आहे तिच्याकडे."