टोक नसलेला चाकू

मी एक जुना चाकू आहे, मित्रांनो, आणि मला टोक नाही. खिशात घडी होऊन बसणाऱ्या नाजूक चाकूंपैकी मी नव्हे. माझे पाते मिटत नाही. ते बोटभर लांबीचे असून मुठीच्या आतून शेवटपर्यंत गेलेले आहे. मला टोक नाही हे पाहून नवखी माणसे हसतात. हसोत बापडी! ते टोक कसे गेले आणि त्यातून कोणाचे काय भले झाले, ते आज सांगतो.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. लोहारकाका साठीचे होते. त्यांचा हात इतका बसलेला होता की ऐरणीवरचे घाव मोजून मारल्यासारखे पडत. मूठ आणि म्यान करण्याचे काम काकूंचे. काकांचा एक हट्ट होता. पोलाद किती तापले हे ते केवळ रंगावरून ओळखत. पाते ठरावीक लाल झाले की ते तेलात बुडवायचे, म्हणजेच त्याला पाणी द्यायचे, ही सगळी नजरेची कामगिरी. "चाळीस वर्षं हा लाल रंग बघतोय. झोपेतसुद्धा ओळखेन," असे ते म्हणत.

माझ्यासोबत माझे दोन भाऊही घडले. आम्हा तिघांना परीक्षेला जायचे होते. नदीच्या धक्क्यावर एक बचाव पथक होते. बुडणाऱ्यांना काढायचे, जाळ्यात आणि दोरात अडकलेल्यांना सोडवायचे, हे त्यांचे काम. पथकाच्या प्रमुख बाईंना सगळे 'कडकबाई' म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्यांना वीस चाकू हवे होते, पण आधी तीन नमुने तपासल्याशिवाय त्या हो म्हणणार नव्हत्या.

"माझ्या वडिलांपासून कोणी आमच्या चाकूची परीक्षा घेतली नाही," काका फुरंगटून म्हणाले.

"काका, राग मानू नका," कडकबाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी माझ्या एका माणसाचा पाय होडीच्या दोरात अडकला. दोर कापताना चाकू मुठीपाशी मोडला. माणूस वाचला, पण अजून लंगडतो. त्या दिवसापासून मी कुणाच्या शब्दावर चाकू घेत नाही."

काका आम्हा तिघांना घेऊन धक्क्यावर गेले. काकूही सोबत आल्या होत्या. धक्क्यावरच्या शेडमध्ये लाकडी बाकाभोवती सगळे उभे राहिले आणि परीक्षा सुरू झाली.

मी पहिला. भिजलेला जाड दोर बाईंनी माझ्याकडून शंभर वेळा कापून घेतला. माझी धार जराही बोथटली नाही. मग होडीला बांधतात त्या टायरचे रबर झाले. मग माझ्या पाठीवर लाकडी हातोडा मारून त्यांनी वाळक्या लाकडाचा तुकडा चिरला. काका मिशीतल्या मिशीत हसत होते आणि मीही, खरे सांगतो, जरा चढून गेलो होतो. शेवटी बाईंनी दोन फळ्यांच्या फटीत माझे टोक खुपसले आणि मूठ धरून बाजूला जोर लावला.

टक्!

माझे टोक फटीतच राहिले.

"चाकू म्हणजे पहार नव्हे, बाई!" काका ओरडले.

"पाण्यात अडकलेला माणूस ते विचारत नाही, काका."

मग दुसऱ्या भावाची पाळी आली. तो मधोमध मोडला. तिसरा तर हातोड्याच्या घावानेच गेला. कडकबाईंनी माझे तुटलेले टोक फटीतून काढले, उजेडात धरले आणि काकांपुढे केले.

"मोडलेली जागा बघा. जाड्या मिठासारखे दाणे दिसताहेत. पातं जास्त तापलं होतं."

काकांनी ते डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ आणले. "कुठंयत दाणे? मला तर गुळगुळीत दिसतंय."

काकूंनी एकदा त्या तुकड्याकडे पाहिले आणि एकदा नवऱ्याकडे. दाणे त्यांना हातभर अंतरावरून दिसत होते. गेले वर्षभर काका चहा कपाच्या बाहेर ओतत आणि दोष कपाला देत. सुईत दोरा जाईना तेव्हा दोष सुईला. काकू ते हसण्यावारी नेत आल्या होत्या. आता त्यांना हसू आले नाही.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला भट्टीतला लाल रंग दिसतो का नीट?"

काका शेडबाहेर गेले. काकूंनी आम्हा तिघांचे तुकडे फडक्यात बांधले.

चार दिवस भट्टी पेटली नाही. काका ऐरणीपाशी बसून राहत. पाचव्या दिवशी ते स्वतःहून बोलले. "गेलं वर्षभर मला सगळं मळक्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं. लाल रंग फिका वाटायचा, म्हणून मी पातं अजून थोडं तापू द्यायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? लोहाराचे डोळे गेले म्हटल्यावर मी उरतो कोण?"

"आणि न बोलता बसलात तर? आज चाकू मोडलाय. उद्या त्या चाकूच्या भरवशावर कोणी पाण्यात उतरला असता म्हणजे?" काकूंचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "उठा. चला डॉक्टरकडे."

काका उठले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि शस्त्रक्रियेने नजर परत येईल. काका हे ऐकून लहान मुलासारखे पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "म्हणजे रंग दिसतील? सगळे?"

काकूंनी कडकबाईंना निरोप दिला की चाकू मिळायला तीन महिने लागतील. त्यांनी काहीही न लपवता कारणही कळवले. बाई स्वतः घरी आल्या. "थांबते मी," त्या म्हणाल्या. "मोडलेले तुकडे नाल्यात फेकून नवे नमुने आणणारे मी पुष्कळ पाहिलेत. तुम्ही खरं सांगितलंत. मला चाकू तुमच्याकडूनच हवेत."

शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांवरच्या पट्ट्या निघून काका भट्टीपाशी आले, तेव्हा त्यांनी आधी ते फडके सोडले. मला हातात घेऊन उलटसुलट केले आणि त्यांचा चेहराच पडला.

"अगं, हा इतका वाकडा घासला होता मी? आणि तू मला हा घेऊन परीक्षेला जाऊ दिलंस?"

"तेव्हा तुम्ही माझं ऐकत होतात का?" काकू म्हणाल्या. मग दोघेही इतके हसले की काकांना डोळे पुसायला डॉक्टरांनी दिलेला रुमाल शोधावा लागला.

नव्या नमुन्याचे तीन चाकू घडले. काका तापवत आणि काकू शेजारी उभ्या राहून रंग बघत. दोघांनीही 'आता' म्हटल्याशिवाय पाते तेलात जात नसे. परीक्षेत त्या चाकूंची टोके वाकली, पण मोडली नाहीत. कडकबाईंनी पहिल्यांदाच काकांना नमस्कार केला.

मला वाटले, आता माझी रवानगी भंगारात. पण बाईंनी मलाच मागून घेतले. "हातपाय झाडणाऱ्या माणसाजवळ टोकदार चाकू न्यायची मला नेहमी भीती वाटते. याचं टोक गोल करून द्या." काकांनी मला घासून गोल केले आणि निक्षून सांगितले, "हा फक्त कापायला वापरा. याच्यावर आडवा जोर लावू नका. हा माझ्या चुकीमुळे ठिसूळ राहिलाय." गोल टोकाचा चाकू हाताळून बघितल्यावर बाईंना तो इतका पटला की वीसच्या वीस चाकू मग गोल टोकाचेच झाले.

एका सकाळी धक्क्याखाली एक कोळीण स्वतःच्याच जाळ्यात गुरफटली. पाणी चढत होते आणि जाळ्याचा पीळ तिच्या गळ्याशी आला होता. बाईंनी उडी घेतली. मला तिच्या कातडीला लावून त्या पिळाखाली सरकवताना त्यांचा हात जराही कचरला नाही, कारण टोचायला मला टोकच नव्हते. चार झटक्यांत जाळे सुटले. दुसऱ्या दिवशी ती कोळीण मला बघायला आली. "एवढासाच?" ती म्हणाली, आणि तिने मला कपाळाला लावले. मित्रांनो, आयुष्यात मी खूप धार लावून घेतली, पण त्या क्षणासारखी झळाळी मला कशानेच आली नाही.

पुढे कडकबाई निवृत्त झाल्या. कोणीतरी मला ओल्या म्यानातच खणात टाकले. दोन वर्षे मी तिथे होतो. पाण्याशी इतकी वर्षे झुंजलो, पण मला खाल्ले ते म्यानातल्या ओलसरपणाने. गंज हळूहळू चढतो. तो दुखत नाही, म्हणून कोणाला सांगावेसेही वाटत नाही. शेवटी नव्या तुकडीतल्या एका मुलीने खण आवरताना मला बाहेर काढले. मला फेकावे की ठेवावे, हे विचारायला ती थेट लोहारकाकांकडे गेली. काकांनी गंज घासला, धार लावली आणि तिला म्हणाले, "ठेव. पण महिन्यातून एकदा याच्याकडे नीट बघत जा."

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. जे तुमच्या उपयोगी पडते, त्याला काम झाल्यावर कोरडे करा, तेलाचे बोट फिरवा आणि अधूनमधून उजेडात धरून बघा. कुठे तडा दिसला, तर तो झाकू नका. वेळेवर दिसलेला तडा कोणाचा तरी जीव वाचवतो. तडा माणसात दिसला, तर त्याला रागावू नका. त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा.

आज सकाळी त्या मुलीने मला पुसले, कमरेला लावले आणि ती होडीत बसली. वर ढग आहेत, नदीला पाणी भरपूर आहे आणि माझी धार ताजी आहे.