मंडळाची उंची

टाळेबंदीच्या वर्षी हार्ट फेल्युअर तज्ज्ञ मंडळाची प्रगती झाली, ती अशी की दर वेबिनारला मंडळाचे अध्यक्ष डॉ. मोहरीर चार बोटं उंच होत. आधी त्यांच्या पँटी आखूड झाल्या. मग जुलैत, विसाव्या वेबिनारच्या शेवटी ते आभार मानायला उभे राहिले आणि त्यांचं टक्कल सभागृहाच्या छताला टेकलं. छतानं हरकत घेतली नाही, मुकाट्यानं वर सरकलं. नंतर साहेब बसले, तरी ते खाली आलं नाही.

सभागृहाच्या वर मंडळाचा चार खाटांचा दवाखाना होता, आणि त्याच्यावर गच्ची. गच्चीत मंडळाचा नवा फलक लागला होता. फलक हलवायचा नाही असा ठराव होता, त्यामुळे दवाखान्याचं छत जागच्या जागी राहिलं आणि जमीन तेवढी वर येत गेली.

दवाखाना सांभाळणाऱ्या सिस्टर सुवार्ता गायकवाडच्या हे लक्षात आलं ते पंख्यामुळे. एका सकाळी पंख्यानं तिची टोपी उडवली. तिनं पंखा उतरवून घेतला. पुढच्या महिन्यात सलाइनचा स्टँड उभा राहीना, तेव्हा ती बाटल्या खिडकीच्या गजाला बांधू लागली. जिना मात्र लांबत होता. एकोणीस पायऱ्यांच्या एकतीस झाल्या, आणि तिथले पेशंट असे, की चार पायऱ्यांत त्यांचा जीव कंठाशी यायचा. अशा माणसाला पाठीशी तीन उशा देऊन बसवावं लागतं. हृदय थकलेलं असतं. आडवं झालं की छातीत पाणी भरतं आणि माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. सुवार्तानं आधी खाटा काढल्या, मग गाद्या. शहरातले बाकी सगळे वॉर्ड कोविडनं भरलेले. हलवायचं कुठे?

ती खाली गेली. डॉ. मोहरीर सभागृहात जमिनीवर बसले होते, गुडघे खिडक्यांच्या वर. लॅपटॉप त्यांच्या तळहातावर पत्त्याच्या पानासारखा दिसत होता.

"सर, वर उभं राहता येत नाही आता."

"लेखी दिलंत?"

"तीनदा दिलं."

"मग नोंद झाली असेल." त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "बेचाळीस वेबिनार झाले, सिस्टर. सतरा देशांतून लोक बघतात. तुम्ही दिवसभर वर काय करता?"

"वजनं घेते. पायांची सूज बघते. लघवी मोजते."

"तेच ते. जरा मोठा विचार करा."

"पेशंट इथे आणू का, सर? इथे उंची भरपूर आहे."

"ही उंची मंडळाची आहे," डॉ. मोहरीर म्हणाले. मग त्यांनी तिला वार्षिक सभेत कोविडयोद्धा म्हणून दोन मिनिटं बोलायला सांगितलं. हसतमुखानं, असंही सांगितलं.

नोव्हेंबरात एक निवृत्त पोस्टमास्तर झोपेत उशांवरून घसरून आडवे झाले, आणि सुवार्ता पोचेपर्यंत गेले. पुढच्या वेबिनारला मंडळानं त्यांच्यासाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळली. साहेब उभे राहिले. छत चार बोटं वर गेलं. उरलेल्या तिघांपैकी दोघांना नातेवाइकांनी दाराच्या उरलेल्या फटीतून चादरीवर घालून ओढत नेलं. राहिल्या केशरबाई दळवी. तीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेली बाई, आता पाय सुजून खांबासारखे झालेले. दारातून निघायचं तर आडवं व्हावं लागणार, आणि आडवं झालं की त्यांचे ओठ निळे पडत.

"तुम्ही जा घरी," केशरबाई म्हणाल्या.

"तुमचं संध्याकाळचं वजन घ्यायचंय," सुवार्ता म्हणाली आणि त्यांच्या शेजारी मान वाकवून बसली.

वार्षिक सभा सकाळी अकराला सुरू झाली. सुवार्तानं ती फोनवर लावली आणि फोन मांडीवर ठेवला. अहवालात अठ्ठेचाळीस वेबिनार होते, तीन पुस्तिका होत्या, एक बोधचिन्ह होतं. पोस्टमास्तर नव्हते. मग जाहीर झालं की यंदाचा जीवनगौरव खुद्द अध्यक्षांनाच द्यायचं कार्यकारिणीनं एकमतानं ठरवलंय. वेबिनारला चार बोटं, तर जीवनगौरवला किती, हे कुणी कधी मोजलं नव्हतं.

"त्याआधी आपल्या सिस्टर दोन शब्द बोलतील."

सुवार्ता म्हणाली, "सर, उभे राहू नका. वर माणसं आहेत."



"सिस्टर भावुक झाल्या," डॉ. मोहरीर म्हणाले. "साहजिक आहे." टाळ्या सुरू झाल्या. त्या फोनमधून ऐकू येत होत्या आणि जमिनीखालूनही.

"काय म्हणाला मेला?" केशरबाईंनी विचारलं.

"उभे राहतायत."

"एवढा शिकला," केशरबाई दम घेत म्हणाल्या, "पण वर बघायला नाही शिकला."

जमीन उचलली गेली. केशरबाईंचे केस छताला घासले. त्यांनी दोन्ही तळवे वर छताला लावले, जात्याच्या वरच्या दगडाला लावावेत तसे. दोघींच्या मधली फरशी फुगली, तडकली, आणि तिच्यातून एक गुळगुळीत, घामेजलेलं टक्कल वर आलं. त्यावर झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटल्या होत्या.

केशरबाईंनी आपले सुजलेले पाय हातांनी उचलून त्या टकलावर ठेवले आणि टाचा रोवल्या.

"तुम्हीपण ठेवा, सिस्टर."

सुवार्तानं छताला पाठ लावली आणि पाय ठेवला, चपलेसकट. खाली टाळ्या थांबत नव्हत्या.