हिरवा ठिपका

भार्गवीने उंब्रजच्या अलार्मची सेटिंग पुन्हा उघडली. विलंबाच्या रकान्यात अजून तोच आकडा होता, तीस मिनिटं. तिने माउस असा आपटला की शेजारची पूजा दचकली.

समोरच्या काचेच्या खोलीत महेंद्र उभा होता. उंब्रज भागातल्या इंटरनेटच्या केबली सांभाळणारा माणूस. हातात हेल्मेट, पँटला गुडघ्यापर्यंत चिखल. ऐन बाजाराच्या दिवशी तिथल्या एका पतसंस्थेची लाइन गेली, लोक रांगेत ताटकळले आणि आता ती पतसंस्था दुसऱ्या कंपनीकडे निघाली होती. त्यासाठीच मालक विष्णुपंत सांगलीहून साताऱ्याच्या ऑफिसात आले होते. कुणाची तरी नोकरी घेतल्याशिवाय ते परत जाणार नव्हते.

लाइन तुटली की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या गावाचा हिरवा ठिपका लाल व्हावा आणि महेंद्रच्या मोबाइलवर अलार्म वाजावा, एवढं साधं काम. पण मॅनेजर धवलने दिवाळीपासून प्रत्येक अलार्मला अर्ध्या तासाचा विलंब लावला होता. तेवढ्यात लाइन सुधारली तर पडद्याला पत्ताच लागत नसे आणि महिन्याचा अहवाल हिरवागार निघे. भार्गवीने विरोध केला तेव्हा त्याने तिला सेटिंग नुसती बघण्यापुरती ठेवली. बघत बस म्हणावं.

काचेचं दार उघडंच होतं.

"अलार्म आला तवाच निघालो, साहेब," महेंद्र म्हणत होता. "भरल्या ताटावरनं उठलो."

"आणि त्याआधी अर्धा तास लोक बोंबलत होते, त्याचं काय?" विष्णुपंत म्हणाले.

"मला ठावंच न्हवतं. फोन वाजलाच न्हाई."

"फोन बंद ठेवला असेल, सर," धवल म्हणाला. "सिस्टीम चुकत नाही."

भार्गवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न विचारता ती आत शिरली.

"अलार्मच अर्धा तास उशिरा गेला, सर. यांनीच तसा लावून ठेवलाय."

विष्णुपंतांनी धवलकडे पाहिलं.

"खोटे अलार्म टाळायला सगळेच असं करतात, सर. मिनिटभर इकडेतिकडे. तांत्रिक बाब आहे."

तांत्रिक म्हटलं की विष्णुपंतांचे कान मिटत. त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला आणि पतसंस्थेच्या आप्पासोंना व्हिडिओ कॉल लावला. माणूस सापडला, एवढं त्यांना आत्ताच सांगून टाकायचं होतं. तळघरातल्या या ऑफिसात कुठल्याच मोबाइलला रेंज नव्हती. फोन लागे तो ऑफिसच्या वायफायवर.

"नमस्कार, आप्पासो. हे बघा," त्यांनी मोबाइल पडद्याकडे वळवला. "सगळं कसं हिरवं. तुमच्या वेळी आमच्या माणसानेच—"

भार्गवी कोपऱ्यात गेली. वायफायच्या डब्याची वायर तिने दातओठ खात ओढून काढली.

"हॅलो? आप्पासो?" मोबाइलवर आप्पासो तोंड उघडं ठेवूनच थांबले होते. "धवल, नेट गेलं का?"

धवलने सवयीने पडद्याकडे पाहिलं. या वायफायच्याच लाइनीचा, सातारा ऑफिसचा ठिपका हिरवा होता.

"नाही, सर. नेट चालू आहे. तुमच्या फोनचंच काहीतरी असेल."

भार्गवीने वायरचं मोकळं टोक विष्णुपंतांपुढे धरलं. त्यांनी टोकाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. ठिपका हिरवाच होता.

मग तिने एक खुर्ची ओढून महेंद्रकडे सरकवली.

"बसा, महेंद्रदादा. लाल व्हायला अजून वेळ आहे."

"नगं ताई. कापडाला चिखल हाय."

"असू दे, बस," विष्णुपंत म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि टेबलावर धवलच्या पुढ्यात ठेवलं.